जाड आणि तिरपा: बोल्ड इटॅलिक डिस्प्ले टंक कसा पारखावा, कसा वापरावा

बोल्ड इटॅलिक डिस्प्ले टंकात, म्हणजे मथळ्यासारख्या मोठ्या आकारासाठी घडवलेल्या जाड, तिरप्या फॉन्टमध्ये, दोन विरुद्ध ओढी एकाच अक्षरात असतात. जाडी अक्षराला जमिनीशी बांधून ठेवते, तिरपेपणा त्याला पुढे रेटतो. चांगल्या टंककाराने ही ओढाताण सोडवलेली असते आणि ती कशी सोडवली यातूनच त्या टंकाचा स्वभाव ठरतो. कुणी जाडीला झुकतं माप देतो, कुणी वेगाला, कुणी दोन्ही सांभाळून वर डौल आणतो. म्हणून 'मथळा जरा उठावदार हवा' एवढ्या कारणावरून फॉन्टच्या यादीतला सर्वांत जाड तिरपा नमुना निवडला, तर काम बहुधा बिघडतं. आधी टंक वाचायला शिकावं लागतं, मग तो मांडायला.

पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. उदाहरणं बरीचशी रोमन लिपीतली आहेत, कारण हा प्रकार त्या लिपीत घडला. देवनागरीचे प्रश्न वेगळे आहेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा ठेवली आहे.

हा टंक आला कुठून

इटॅलिकचा जन्म शब्दावर जोर देण्यासाठी झाला नव्हता. व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियसच्या छापखान्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने त्या काळच्या विद्वानांच्या वाहत्या हस्ताक्षरावरून खिळे कोरले आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कवितांचं अख्खं पुस्तक त्यात छापलं गेलं. त्यात फक्त स्मॉल अक्षरं तिरपी होती, कॅपिटल सरळ उभी. तिरपी कॅपिटलं नंतरच्या टंककारांनी आणली. म्हणजे इटॅलिक हा मुळात हाताच्या गतीचा टंक आहे.

ठळक टंक त्यानंतर तीन शतकांनी आला आणि तो पुस्तकातून आला नाही, भिंतीवरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींची गर्दी वाढली, तेव्हा रॉबर्ट थॉर्नसारख्या टंककारांनी 'फॅट फेस' नावाची अतिजाड अक्षरं ओतली: उभ्या रेघा प्रचंड रुंद आणि आडव्या रेघा केसासारख्या. थॉर्नची टाइप फाउंड्री, म्हणजे अक्षरं ओतण्याचा कारखाना, १८२० मध्ये विल्यम थॉरोगुडने विकत घेतली. या फॅट फेसच्या तिरप्या आवृत्त्याही निघाल्या आणि आजच्या बोल्ड इटॅलिक डिस्प्लेचे खरे पूर्वज त्याच. मजकुरातला एखादा शब्द ठळक करण्यासाठी सोबतीचा जाड टंक हवा, ही कल्पना १८४५ च्या क्लॅरेंडन या टंकापासून रुजली.

यातून कामाची गोष्ट एवढीच की हा टंक रस्त्यावर, दुरून, घाईत असलेल्या माणसाने वाचावा म्हणून घडला. त्यात परिच्छेद लावले की तो गुदमरतो आणि वाचणाराही.

पायरी पहिली: खरा इटॅलिक की नुसता कललेला, हे ओळखा

तिरप्या टंकांचे तीन प्रकार समोर येतात.

खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षरांची घडणच बदलते. सरळ उभ्या टंकातला (त्यालाही रोमनच म्हणतात) दुमजली स्मॉल 'ए' इथे एकमजली होतो, 'एफ'चं शेपूट ओळीखाली उतरतं, 'ई' गोलावतो, 'के'ला कधी फास येतो, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांची टोकं वळणदार होतात. अँपरसँड, म्हणजे 'आणि'चं चिन्ह, तर इटॅलिकमध्ये सर्वांत मोकळेपणाने नाचतं. एखाद्या टंकाचा जीव किती मोठा आहे हे पाहायचं असेल तर मी आधी ते चिन्ह पाहतो.

दुसरा प्रकार ऑब्लिक. यात घडण सरळ टंकाचीच राहते, पण टंककाराने ती कलवून नंतर हाताने दुरुस्त केलेली असते. बिनसेरिफ टंकांमध्ये, म्हणजे रेघांच्या टोकांना सेरिफ (छोटे आडवे पाय) नसलेल्या टंकांमध्ये, हा प्रकार जास्त. एड्रियन फ्रुटिगरच्या १९५७ च्या युनिव्हर्स या टंकात आकड्यांची पद्धत आहे: पहिला आकडा जाडी सांगतो, दुसरा रुंदी आणि कल. ५५ म्हणजे साधा, ५६ म्हणजे तोच तिरपा, ६६ म्हणजे ठळक तिरपा. ऑब्लिकला कमी लेखायचं कारण नाही. स्टॅन्ली मॉरिसन या ब्रिटिश टंकतज्ज्ञाने १९२६ मध्ये रोमनच्या जोडीला कललेला रोमनच योग्य, असं आग्रहाने मांडलं होतं. ते सर्वांना पटलं नाही, पण प्रश्न त्याने नेमका विचारला होता.

तिसरा प्रकार टाळायचा. फॉन्टमध्ये तिरपी आवृत्तीच नसते, तरी आपण बटण दाबतो आणि सॉफ्टवेअर सरळ अक्षर ढकलून देतं. जाड आवृत्तीही नसेल तर ते बाह्यरेषा सगळीकडून सारखी फुगवतं आणि मग ढकलतं. असा दुहेरी नकली बोल्ड इटॅलिक ओळखायचा तर कॅपिटल 'ओ' मोठा करून पाहा. ढकललेल्या 'ओ'ची कड वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या बाजूला जाड होते, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक पडते. कारण साधं आहे. ढकलताना कलाच्या दिशेने जाणाऱ्या रेघा लांबतात म्हणून बारीक होतात, त्यांच्या विरुद्ध जाणाऱ्या आखडतात म्हणून फुगतात. उभ्या रेघाही किंचित बारीक होतात, १४ अंशांच्या कलाला सुमारे ३ टक्के. हलक्या टंकात ही विकृती कदाचित खपून जाईल. जाड टंकात रेघच एवढी रुंद असते की तेवढ्याच टक्क्यांचा फरक ढळढळीत दिसतो. फुगवलेल्या जाडीची खूण वेगळी: 'ई' आणि 'ए' यांच्या पोकळ्या बुजलेल्या, कोपरे बोथट, बारीक रेघा नको तितक्या मांसल. फुगवताना बारीक आणि जाड रेघेला सारखीच भर मिळते, त्यामुळे त्यांच्यातला फरकच मरतो.

ही परीक्षा सर्वांत आधी. नकली निघाला तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही, दुसरा टंक घ्या.

पायरी दुसरी: टंकाचा स्वभाव वाचा

तुमचा खरा मथळा त्या टंकात लावा, भला मोठा करा आणि चार जागी बघा.

पहिली जागा सांधा. स्मॉल 'एन'मध्ये कमान उभ्या रेघेतून जिथे फुटते तिथे जाड टंकात काळं साचतं. इटॅलिकमध्ये ती कमान आणखी खालून, खोलातून फुटते, त्यामुळे अडचण दुप्पट. जाणत्या टंककाराने तिथे रेघ निमुळती केलेली असते, कधी चक्क खाच पाडलेली असते. सांधा स्वच्छ असेल तर बाकीचं कामही मन लावून केलं असण्याची शक्यता मोठी.

दुसरी जागा पोकळी. इटॅलिक मुळात अरुंद आणि जाडीला रुंदी हवी असते. या भांडणात अक्षराच्या आतली पांढरी जागा सर्वांत आधी बळी जाते. 'ए', 'ई', 'जी' आणि 'आठ'चा आकडा यांच्या पोकळ्या एकमेकींशी ताडून पाहा. एखादीच बुजलेली दिसली तर शब्दात तिथे काळा डाग पडणार.

तिसरी जागा कल. बहुतेक टंक ८ ते १४ अंशांत असतात, पण यात फार मोठी मोकळीक आहे. एरिक गिलच्या जोआना या टंकाचा इटॅलिक जेमतेम ३ अंश कलतो आणि तरीही इटॅलिक वाटतो, कारण त्याची घडण इटॅलिकची आहे. कल वाढला की घाई वाढते. १६ अंशांपुढे अक्षर धावण्याऐवजी पडतंय असं वाटू लागतं, विशेषतः अरुंद कॅपिटलांत.

चौथी जागा टोकं. रेघ संपते कशी: सपाट कापलेली, गोल, थेंबासारखी, की ब्रश उचलल्यासारखी? टंकाचा आवाज मला बहुतेक वेळा इथेच ऐकू येतो.

या चार गोष्टींवरून बोल्ड इटॅलिक डिस्प्लेची काही घराणी ठळक दिसतात. फॅट फेस आणि त्याच्या वंशातले बोडोनी पद्धतीचे अतिजाड इटॅलिक (मॉरिस फुलर बेंटनचा १९२८ चा अल्ट्रा बोडोनी त्यातला) थाटाचे असतात. जाडी भरपूर, पण केसासारख्या रेघा आणि थेंबटोकांमुळे नखरा सुटत नाही. मुक्त परवान्याचा नमुना हवा असेल तर क्लाउस एगर्स सोरेन्सन यांच्या प्लेफेअर डिस्प्लेचा ब्लॅक इटॅलिक लावून पाहा. दुसरं घराणं मऊ, गुबगुबीत सेरिफांचं. ऑस्वाल्ड कूपरचा १९२२ चा कूपर ब्लॅक आणि त्याची तिरपी जोड यांत एकही टोक बोचत नाही, सगळं गोलसर आणि आपुलकीचं. तिसरं घराणं कललेल्या जाड बिनसेरिफांचं: थेट, आज्ञार्थी, वेगवान. खेळ, शर्यती, यंत्रं, वाहनं यांच्याशी ते इतकं जोडलं गेलंय की तिथे ते लावणं आता सवयीचं झालंय. पण याच घराण्यातल्या फ्युचुरा बोल्ड ऑब्लिकमध्ये बार्बरा क्रूगर या कलावतीने लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत थेट जाब विचारणारी विधानं मांडली आणि त्या टंकाला वेगाऐवजी दरडावण्याचा सूर मिळाला. टंकाचा स्वभाव ठरलेला असतो हे खरं, पण त्याच्याकडून काय बोलून घ्यायचं हे मांडणाऱ्याच्या हातात उरतं. चौथं घराणं ब्रशच्या जोडअक्षरांचं, पाब्लो इम्पालारीच्या २०१० च्या लॉब्स्टरसारखं. ते इटॅलिकचं चुलत भावंड आहे. त्यात अक्षरं एकमेकांना धरून चालतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर वाढवलं की सगळं तुटतं.

पायरी तिसरी: कामाला तो हवाय का, ते ठरवा

मी स्वतःला विचारतो: हे वाक्य मोठ्याने म्हटलं तर आवाज चढेल का आणि गती वाढेल का? दोन्हींचं उत्तर होय असेल तर बोल्ड इटॅलिक. फक्त आवाज चढत असेल तर सरळ बोल्ड पुरतो. फक्त लकब बदलत असेल, जसं एखाद्या पुस्तकाचं नाव किंवा मनातला विचार, तर साधा इटॅलिक. अमेरिकन कॉमिक्समध्ये संवादातल्या जोराच्या शब्दाला बोल्ड इटॅलिकच लावण्याचा प्रघात आहे. तिथे तो अगदी चपखल बसतो, कारण पात्र तो शब्द खरोखर जोरात आणि झटक्यात बोलत असतं.

मुखपृष्ठावरचं दोन-तीन शब्दांचं नाव, नाटकाचं किंवा मैफलीचं पोस्टर, वेष्टनावरचं नाव, संघाचा शर्ट, मासिकातला मोठा उद्धृत शब्द, एखादा आकडा या त्याच्या हक्काच्या जागा. सूचना, इशारे, औषधाच्या मात्रा, अर्ज, शोकसंदेश इथे तो लावू नये. लांब मजकुराला तर कधीच नाही. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शिकेतही तिरपी अक्षरं टाळून जोरासाठी सरळ ठळक वापरा, असं सांगितलंय. मथळ्यापुरता हा नियम सैल करता येतो, पण ज्या ओळीवर वाचकाची सुरक्षा किंवा पैसा अवलंबून आहे तिथे करू नये.

एका पानावर बोल्ड इटॅलिकची एकच जागा, हे मी फार काटेकोरपणे पाळतो. दुसरी जागा आली की पहिलीचा जोर अर्धा होतो.

पायरी चौथी: आकार

डिस्प्ले म्हणून कोरलेला टंक लहान आकारात वापरला की त्याच्या बारीक रेघा आधी जातात. हिशेब करून बघता येतो. टंकाची सर्वांत बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या २ टक्के असेल, तर ७२ पॉइंटला (पॉइंट हे छपाईतलं अक्षराचा आकार मोजायचं एकक) ती १.४४ पॉइंट भरते, २४ पॉइंटला ०.४८ आणि १२ पॉइंटला ०.२४. छपाईत पांढऱ्यावर काळी पाव पॉइंटाची रेघ कशीबशी टिकते, काळ्यावर पांढरी हवी असेल तर निदान अर्धा पॉइंट हवा. म्हणजे हा टंक २५ पॉइंटच्या खाली उलट रंगात लावायचाच नाही, हे गणितानेच सांगितलं. काही कुटुंबांत लहान आकारासाठी वेगळी कोरलेली आवृत्ती असते आणि व्हेरिएबल फॉन्टमध्ये (एकाच फाइलीत जाडी, कल असे गुण हवे तसे बदलता येणारा फॉन्ट) त्यासाठी ऑप्टिकल साइझ नावाचा अक्ष असतो. असेल तर वापराच.

पायरी पाचवी: अक्षरांतर आणि ओळींतर

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. जाड अक्षरांत आतली पोकळी लहान असते, म्हणून अक्षरांमधली जागाही कमीच हवी, नाहीतर शब्द सुटा पडतो. डिस्प्ले टंकात ती आधीच आवळलेली असते. ७२ पॉइंटच्या वर गेल्यावर आणखी थोडी आवळायला हरकत नाही, २४ च्या आसपास आलात तर थोडी सोडा.

मग जोड्या हाताने तपासा. तिरप्या कॅपिटलांत 'एल' नंतर 'टी', 'ए' नंतर 'व्ही', 'आर' नंतर 'ए' या जोड्यांत अंतर फसवं दिसतं. डोळ्याने दोन अक्षरांमधली पांढरी जागा क्षेत्रफळ म्हणून तोलायची, टोकांमधलं अंतर म्हणून मोजायची नाही. पान उलटं धरून पाहिलं की अर्थ बाजूला पडतो आणि नुसते काळे-पांढरे आकार उरतात. ही युक्ती जुनीच, पण आजही अचूक लागते.

तिरपं संपून सरळ सुरू होतं ती जागा विसरू नका. तिरप्या 'एफ'चं डोकं पुढच्या सरळ कंसावर किंवा अवतरणावर जाऊन आदळतं. तिथे थोडी जागा घाला किंवा कंसही तिरपाच करा. मथळ्यात दुसरा उपाय मला बरा वाटतो.

ओळींतर: फक्त कॅपिटलांच्या दोन ओळी असतील तर अक्षराच्या आकाराच्या ०.९ पटीपर्यंत खाली येता येतं. स्मॉल अक्षरांत वर-खाली जाणारी टोकं एकमेकांत अडकतात की नाही ते पाहून ठरवा. एखादं टोक खालच्या ओळीच्या रिकाम्या जागेत छान बसत असेल तर मुद्दाम बसवा, मथळा एकसंध होतो.

पायरी सहावी: रांग आणि कोन

तिरप्या अक्षरांच्या दोन ओळी डावीकडे एका रेषेत लावल्या तरी त्या रेषेत दिसत नाहीत, कारण अक्षराचं डोकं उजवीकडे आणि पाय डावीकडे असतो. संगणक पायाला धरून रांग लावतो, डोळा अक्षराच्या मध्याला धरतो. म्हणून पहिली अक्षरं मध्यउंचीवर जुळवा. दुसरा, जास्त धीट मार्ग म्हणजे कडच टंकाच्या कलाइतकी तिरपी करणं. खालची ओळ वरच्यापेक्षा डावीकडे सरकते आणि अख्खा मथळा एकाच दिशेने झुकतो. सरकवायचं किती, तर दोन ओळींमधलं अंतर गुणिले कलाच्या कोनाचा टॅन्जन्ट. १२ अंशांना तो ०.२१ आहे, म्हणजे १०० पॉइंटच्या ओळींतराला २१ पॉइंट.

सोबत पट्ट्या, बाण किंवा कापलेले चौकोन असतील तर त्यांची तिरपी कड टंकाच्या कोनाशी तंतोतंत जुळवा. कोन अंदाजाने घेऊ नका. फॉन्टच्या माहितीत 'इटॅलिक अँगल' नावाची नोंद असते. ती उणे चिन्हात असते, उणे १२ म्हणजे उजवीकडे १२ अंश. एक-दोन अंशांचा फरक राहिला तर पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकत राहतं.

आणखी एक सापळा चढत्या ओळीचा. मथळा वर चढता दाखवण्यासाठी तो १० अंश फिरवला की अक्षरांच्या उभ्या रेघाही १० अंश मागे जातात. टंक १२ अंश कललेला असेल तर उरतो फक्त २ अंशांचा कल आणि सगळा वेग नाहीसा होतो. चढती ओळ हवी असेल तर जास्त कलाचा टंक घ्या किंवा चढ ४-५ अंशांवर ठेवा.

पायरी सातवी: जोडीदार

बोल्ड इटॅलिकच्या शेजारी शांत, सरळ, मध्यम किंवा हलका टंक हवा. त्याच कुटुंबातला साधा टंक सर्वांत सुरक्षित. वेगळ्या कुटुंबातला घ्यायचा तर स्वभावात मोकळं अंतर ठेवा. थाटाच्या फॅट फेस इटॅलिकखाली साधा बिनसेरिफ शोभतो, कललेल्या जाड बिनसेरिफखाली शांत सेरिफ. दोन तिरपे टंक शेजारी आणले आणि त्यांचे कोन वेगळे असले, तर पानावर भांडण दिसतं. आकारातही हात आखडू नका. मथळा मजकुराच्या दीडपट असेल तर चुकून मोठा झाल्यासारखा वाटतो, चौपट असेल तर ठरवून केलेला वाटतो.

देवनागरीत काय करायचं

इथे फार जपून पावलं टाकावी लागतात. देवनागरीच्या छपाईत जोर देण्यासाठी तिरपा टंक ही परंपरेने आलेली सोय नाही. बऱ्याच देवनागरी फॉन्टना तिरपी आवृत्तीच नसते. र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मंगललाही ती नाही. म्हणून आपण बटण दाबतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या पायरीतला नकली प्रकारच हाती येतो.

आणि तो रोमनपेक्षा देवनागरीला जास्त इजा करतो. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिलेल्या रोमनमध्ये डावीकडून वरून उजवीकडे खाली येणाऱ्या रेघा जाड असतात. देवनागरीच्या बोरूची कत (टोकाचा तिरपा छेद) उलट दिशेची, त्यामुळे उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरणाऱ्या रेघा जाड होतात. आता ढकलण्याचा परिणाम आठवा: कलाच्या दिशेच्या रेघा बारीक होतात, विरुद्ध दिशेच्या फुगतात. रोमनमध्ये त्यामुळे जाड रेघा आणखी जाड आणि बारीक आणखी बारीक होतात, म्हणजे निदान मूळ स्वभाव तरी वाढीला लागतो. देवनागरीत नेमकं उलटं होतं. जाड रेघ झिजते, बारीक सुजते आणि अक्षराची लय जाते. त्यातच शिरोरेषा आडवी असल्याने तिची जाडी जशीच्या तशी राहते, काने आणि दंड मात्र बारीक होतात. जाड टंकात शिरोरेषा आधीच भारी असते, ती आता सगळ्या शब्दावर बसते.

शब्दही पारखून घ्यावा लागतो. म, प, स, त, न यांसारख्या दंडाच्या अक्षरांत कल स्पष्ट दिसतो. ट, ठ, ड, ढ, द, ह, र यांना पूर्ण दंड नाही, ती कलली की धावत नाहीत, नुसती वाकडी दिसतात. 'मनासारखं' हा शब्द तिरपा छान चालतो, 'हट्ट' चालत नाही. मथळ्याचा शब्द दुसऱ्या गटातला असेल तर तिरपेपणाचा मोह सोडा.

मग उपाय काय? पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय म्हणजे सरळ, अतिजाड देवनागरी डिस्प्ले टंक आणि रंग किंवा आकाराचा फरक. 'एक टाइप' या संस्थेच्या बलूसारख्या टंकात सरळ उभं राहूनही भरपूर चैतन्य आहे. दुसरा उपाय, मुळातच झुकत्या हस्ताक्षरावर बेतलेला टंक घेणं. इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम तसा आहे आणि त्याला ठळक आवृत्तीही आहे. तिथे झोक लिहिण्यातूनच आलेला असल्याने रेघा ओढाताण न होता कलतात. तिसरा उपाय माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा: दोन-तीन शब्दांचाच मथळा असेल तर तो हाताने लिहा. मोडी पाहिली की कळतं, हाताचा वेग नागरी वळणांना किती वेगळे आकार देऊ शकतो. सपाट ब्रशने तोच शब्द झपाझप पुन्हा पुन्हा लिहा, चांगला उतरलेला निवडा, स्कॅन करून बाह्यरेषा काढा आणि शिरोरेषेची जाडी दंडापेक्षा किंचित कमी ठेवा.

टंकच कलवावा लागला तर १० अंशांच्या आत राहा आणि कलवल्यावर बाह्यरेषा हाताने दुरुस्त करा: दंड थोडे जाड, शिरोरेषा थोडी बारीक, गोलाईतल्या सुजलेल्या जागा तासलेल्या. वेलांट्या, रफार, अनुस्वार यांच्यासाठी ओळींतर रोमनपेक्षा मोकळं लागतं. आकाराच्या १.२ पटीपासून सुरुवात करा.

एकाच मथळ्यात दोन्ही लिप्या असतील तर देवनागरीला रोमनच्या कलात ओढू नका. देवनागरी सरळ जाड आणि रोमन तिरपा जाड, दोघांचं काळेपण सारखं, एवढं जमलं की मथळा जुळतो. उंची जुळवताना रोमन कॅपिटलांचं डोकं शिरोरेषेपर्यंत आणून पाहा, मग डोळ्याला पटेल तसं खाली-वर करा.

पडद्यावर

वेबपानावर बोल्ड इटॅलिकची फाइल वेगळी असते, ती जोडायला विसरलात की ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून ढकलतो. फॉन्ट-सिंथेसिस हा सीएसएसमधला (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला) गुणधर्म 'नन' केला की ही नकल थांबते आणि फाइल राहिल्याचं तुम्हाला लगेच दिसतं. व्हेरिएबल फॉन्टमध्ये जाडी आणि कल हे दोन अक्ष वेगळे असतात. कलाचा अक्ष अंशांत मोजतात आणि उजवीकडचा कल उणे आकड्याने देतात, हे पहिल्यांदा गोंधळात टाकतं. खऱ्या इटॅलिकच्या घडणीसाठी तिसराच अक्ष असतो.

रंगाचा विरोध, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मोजा. डब्ल्यूसीएजीच्या (वेबपानं सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शिकेच्या) निकषांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवा. २४ पिक्सेलपासूनच्या किंवा ठळक असल्यास सुमारे १८.६६ पिक्सेलपासूनच्या अक्षरांना ३ ला १ चालतो. तुमचा मथळा दुसऱ्या गटात बसेल, पण टंकात केसासारख्या रेघा असतील तर पहिलाच आकडा पाळा, कारण फिक्या रंगात त्या रेघा विरून जातात आणि 'एन', 'यू' सारखी अक्षरं सुट्या काळ्या खांबांसारखी दिसू लागतात.

छपाईला देण्याआधी

मथळा प्रत्यक्ष आकारात छापून भिंतीवर लावा आणि वाचक जितक्या अंतरावर असेल तितकं मागे जाऊन पाहा. डोळे किलकिले करा, शब्दाचा करडा पट्टा सलग दिसायला हवा. एखादा काळा डाग दिसला तर तिथली पोकळी किंवा अंतर बघा, पांढरं भगदाड दिसलं तर ती जोडी आवळा. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर शाई आत पसरते. तिथे एक पायरी हलकी जाडी निवडून चालत नाही, कारण बारीक रेघा आणखी बारीक होतात. त्याऐवजी कमी विरोधाची, म्हणजे जाड-बारीक फरक कमी असलेली आवृत्ती घ्या. पांढरी अक्षरं चार रंगांच्या मिश्रणातून काढणं टाळा. प्लेट जराशी सरकली तरी तिरप्या कडेवर रंगाची झालर दिसते.

बाह्यरेषेत रूपांतर केलेली प्रत छापखान्याला द्या, पण मूळ मजकुराची प्रत जपून ठेवा, शुद्धलेखनाची चूक शेवटच्या क्षणीच सापडते. परवानाही वाचा. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचे टंक व्यावसायिक कामात वापरता येतात, फाइलीत बसवता येतात, बदलताही येतात, फक्त टंक एकटा विकता येत नाही आणि टंककाराने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या आवृत्तीला ते लावता येत नाही. विकत घेतलेल्या टंकांत छपाई, वेब आणि बोधचिन्ह यांच्या अटी अनेकदा वेगवेगळ्या असतात. बोधचिन्ह करणार असाल तर ती अट काम सुरू करण्याआधी बघा, ग्राहकाने नमुना पसंत केल्यावर नको.